चार दारांची गाडी

तुमसर
१९ नोव्हेंबर २०२३

संघमित्रा,

जय भीम. गाडी भिलाईले सुखरूप पोचली काय ते आधी लिही. तुमचा ट्रकवाला तिले दोरखंडानं बांधून वर चढवत होता तवा मी घरात जाऊन बसली. पाहवलं नाई.

आमचे हे, हिरालालजी, गेले तवापासून त्या पिकअपले कोनी किल्ली लावली नाई. (नाव घ्यायची माही रीत नाई, पण कागदावर लाज कमी वाटते.) टायर बसले, बोनेटवर कोंबड्या बसू लागल्या. भंगारवाले दारात यायचे. मले ऐकू येत नाई हे गावभर ठाऊक, म्हून ते बोटं दाखवून भाव करायचे. मी मान हलवायची. शेवटी आनंदले म्हटलं, तू माहा भाऊ, तू घेऊन जा, नावावर करून घे, चालव. उभी राहून सडण्यापेक्षा बरं.

एकच सांगणं हाये. गाडी जशी हाये तशी राहू द्या. धुवा, दुरुस्त करा, पण रस्त्यानं चालली की ही हिरालालजीचीच गाडी म्हून ओळखू आली पाहिजे. याच गाडीत यायनं धान नेला, वांगे नेले, गावच्या पोरी सासरी पोचवल्या, अडलेल्या बाया भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेल्या. मी डाव्या हाताले बसायची.

आनंदचं गाणं कसं सुरू हाये? यंदा दीक्षाभूमीवर त्याची गाण्याची पार्टी दिसली नाई, असं इकडचे लोक सांगत होते. तापात कान गेल्यापासून फोन माह्या कामाचा नाई, म्हून पत्रातच सविस्तर लिही. आनंद काही लिहायचा नाई. तो गाते तेवढंच.

पायलले आशीर्वाद.

गिरजाबाई


रिसाली, भिलाई
३ डिसेंबर २०२३

गिरजाबाई,

तुमच्या लहान भावजयीचा जय भीम.

गाडी पोचली. गल्लीत ट्रक वळला नाई, तं सगळ्या गल्लीनं मिळून ढकलत आंगणात आणली. जांभळाच्या झाडाखाली उभी हाये. पायलनं पहिल्याच दिवशी धुतली. एअर फिल्टरमधी उंदरायनं घर केलं होतं, त्यात तुमच्या धानाचे दाणे सापडले. मी पाखरायले टाकले.

इंजिन आम्ही सुपेल्याच्या भैयालाल मिस्त्रीले दाखवलं. त्यानं टाकीतलं जुनं डिझेल काढलं, पंप साफ केला, नवी बॅटरी लावली. सेल्फ मारला तं आधी नुसती खोकली. मंग एकदम सुरू झाली, न असा काळा धूर सोडला का शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या. मीच धुवून देल्या. शेजारीण म्हणे, धुवा, पण गाडी बंद नका करू, लेकरू टाळ्या वाजवून राहिलं.

बॉडीले खालून गंज हाये. ते वेल्डिंगचं काम मी घरीच करीन. येत्या ऑगस्टमधी माही रिटायरमेंट हाये. बाबा आजारी पडले तवा त्यायच्या जागेवर स्टील प्लांटमधी लागली होती. आधी फायली उचलायची, मंग हट्टानं वेल्डिंग शिकली. आता रिटायर झाल्यावर हात रिकामे राहतील म्हून हे काम मले गोड वाटून राहिलं. सुट्टीच्या दिवशी मशीन लावतो, पायल पत्रे धरते.

यायचं गाणं सुरू हाये. हिवाळ्यात घसा थोडा बसते, बाकी काही नाई.

पायल म्हणते, आत्याले सांग, गाडी एकदम मस्त बनेगी.

संघमित्रा


तुमसर
१४ जानेवारी २०२४

संघमित्रा,

तुहं पत्र शेजारच्या राहुलले वाचून दाखवलं. त्यानं तं पुन्हा स्वतः घेऊन वाचलं. चादरीचं वाचून मी एकटीच हसली. यायच्या हातानंही असाच धूर निघायचा.

एक सांगायचं राहिलं. उजवं दार लावताना थोडं वर उचलून लावा, नाई तं लागत नाई. हे म्हणत, दाराले बी मान पाहिजे, उचलून घ्या मंग आत येते.

गंजाचं काम तुह्या हातानं होऊन राहिलं याचं बरं वाटलं. परक्यानं हात लावला असता तं मले चाललं नसतं. पायलले म्हणा, एखादा फोटो काढून राहुलच्या फोनवर पाठवत जाय. मी पाहीन.

घशाले आनंदले ज्येष्ठमध चघळायले दे. त्याचा घसा लहानपणापासून हिवाळ्यात कधीच बसत नव्हता, आता कावून बसून राहिला?

गिरजाबाई


तुमसर
२ मार्च २०२४

संघमित्रा,

पायलनं फोनवर ठेवलेला फोटो राहुलनं मले दाखवला. त्याले वाटलं मी खुश होईन.

गाडी मधातून कापलेली हाये. अर्धं केबिन साखळीवर लटकून राहिलं. मागचा माल भरायचा डाला भिंतीले टेकवून ठेवला. मी तुले एकच गोष्ट सांगतली होती.

आनंदले विचारत नाई, तो तुह्यापुढं बोलत नाई. तुलेच सांगतो. गाडी परत पाठव. अर्धी असंन तं अर्धी पाठव. मी ठेवीन आंगणात.

गिरजाबाई


रिसाली, भिलाई
१० मार्च २०२४

गिरजाबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं न मंग ड्यूटीवर गेली. त्या दिवशी माह्या हातून वेल्डिंगचा टाका सरळ पडला नाई.

मी तुमाले सांगतलं नाई याचं कारण यायनं मना केली होती. आता ऐकणार नाई. मागच्या वर्सीच्या हिवाळ्यात राजनांदगावकडं एका गावात कार्यक्रम होता. पार्टीची नेहमीचीच रीत, भाड्याची पिकअप, पुढं ड्रायव्हर न हार्मोनियम, बाकीचे सगळे मागं डाल्यात, साउंड बॉक्सच्या मधात चादर पांघरून. येताना अशी थंडी होती का उतरताना यायचे ओठ निळे पडले होते. निमोनिया झाला. सेक्टर नऊच्या दवाखान्यात होते. डॉक्टरनं सांगतलं, उघड्या गाडीतून जाणं बंद. यायनं ऐकलं न गाणंच बंद केलं. पार्टीवाले म्हणाले, तुमी एकटे पुढं बसा. हे म्हणाले, मी काचेत बसू न माही माणसं वाऱ्यात? जमत नाई. हार्मोनियम कपाटावर चढवली. तवापासून घरात रेडिओबी लागत नाई. तुमाले सांगू नको म्हणाले, गिरजा एकटी हाये, जीवाले लावून घेईन.

तुमची गाडी आंगणात उतरली तवा मले वाटलं, याले मागं आणखी एक सीट, आणखी दोन दारं असती तं सगळी पार्टी आत बसंन न बाजा-बॉक्स मागं राहीन. कंपनीच्या अशा गाड्या रस्त्यानं पाहतोच ना आपण, डबल केबिनच्या. मंग मी बनवतो म्हटलं. मले दुसरं काही येत नाई बाई, कापणं न जोडणं येते.

मनात आलं न कापली असं नाई केलं. आधी दुर्गच्या आरटीओत नकाशा देऊन मंजुरी घेतली. रायपूर रोडच्या एका भंगारवाल्याकडं याच जातीच्या गाडीचं केबिन मिळालं, त्याचा मागचा भाग न दारं आणली, फोटोत साखळीवर लटकलेलं दिसलं ते तेच. भाऊजीच्या केबिनची फक्त मागची भिंत कापली. ड्रायव्हरची सीट, स्टेअरिंग, तुमची डावी बाजू, ज्याले उचलून लावावं लागते ते दार, त्याले हात लावला नाई. डाला थोडा आखूड केला, कारण मागची सीट त्याच जागेतून निघते.

तुमी म्हणाल तं गाडी परत पाठवतो. पण अर्धी पाठवणार नाई. जोडून पाठवीन. त्याच्या आधी एकदा येऊन पाहा.

संघमित्रा


तुमसर
२८ एप्रिल २०२४

संघमित्रा,

घरी पोचली. गोंदियापर्यंत बसायले जागा नव्हती, मंग खिडकी मिळाली.

मी न सांगता आली याचा तुले राग आला नाई हे पाहून बरं वाटलं. खरं सांगतो, भांडायलेच आली होती. तुमसर रोडवर गाडीत बसली तवापासून काय काय बोलायचं ते जुळवत होती. पण तू ड्यूटीवर, आनंद रेशनच्या दुकानात, न दारात पायल. तिच्याशी भांडण कसं करू? तू नसताना काय झालं ते तुले पायलनं सांगतलं असंन, पण तिले अर्धंच ठाऊक हाये, म्हून लिहितो.

पायलनं मले हात धरून आंगणात नेलं. मी डोळे खाली ठेवून गेली. वर पाह्यलं तं गाडी लांब झाली होती. जशी एखादी पोरगी सुट्टीत मामाच्या घरी जाऊन येते न उंच झालेली दिसते, तशी. चेहरा तोच होता. मी डाव्या दारातून आत बसली, माह्या जागेवर. समोर यायनं चिकटवलेला अशोकचक्राचा बिल्ला तसाच होता. मंग मागं वळून पाह्यलं. आधी तथी भिंत होती, आता एक खोलीच्या खोली. सीट नव्हती, विटांवर फळी ठेवली होती.

पायलनं हातानं विचारलं, सुरू करू? मी हो म्हटलं. तिनं किल्ली फिरवली. मी खाली उतरून बोनेटवर तळहात ठेवला. कान गेले तवा हे मले रोज सकाळी असं करायले लावत. म्हणत, तू कानानं नाई तं हातानं ऐक, गाडी काय बोलते ते सांग. तेवढ्यात माह्या हाताखाली ती बोलू लागली. संघमित्रा, मी तिले गेल्या दोन वर्सांत ऐकली नव्हती. मी तशीच उभी राहिली. पायल घाबरली, तिले वाटलं मले चटका बसला.

तिच्या बोलण्यात एक ठोका कमी पडत होता. मी पायलले बोटानं दाखवलं, एक सिलेंडर मार खाऊन राहिला. तुह्या भैयालाल मिस्त्रीनं नोझल काढून पाह्यलं तं कचरा निघाला म्हणे. बरं झालं.

मंग आनंद आला, हातात साखरेची पिशवी. मले पाहून तो दारातच थबकला. बारीक झालाय. त्याले वाटलं मी गाडी न्यायले आली. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. त्यानं मोठा श्वास घेऊन दाखवला, लहानपणी तापानंतर आईले दाखवायचा तसा. मंग दोघंही हसलो.

गाडी तुमच्याकडंच राहू दे. पण एक ऐक. पुढची डावी सीट आता आनंदले दे. मले मागची खिडकी पाहिजे, ड्रायव्हरच्या मागची. त्या फळीवर बसून मी पाह्यलं, तथून रस्ता बी दिसते न सगळ्यायचे चेहरे बी. चेहरे दिसले का मले बोलणं कळते. इतके दिवस पुढं बसून मले फक्त रस्ता दिसत होता.

गिरजाबाई


रिसाली, भिलाई
१६ जून २०२४

गिरजाबाई,

मागची खिडकी तुमच्या नावानं झाली. पायलनं तथी खडूनं ‘आत्या’ लिहून ठेवलं, गद्दीवाल्यालेही सांगतलं का या कोपऱ्यात फोम जाड टाक.

आता माही फजिती ऐका. तुमी गेल्यावर पूर्ण वेल्डिंग घेतलं. प्लांटमधी बोटभर जाडीच्या प्लेटा जोडण्यात माही नोकरी गेली, तं मी त्याच तालात एका दमात सगळी पट्टी मारत गेली. गाडीचा पत्रा म्हणजे पापड, हे डोक्यात आलंच नाई. गरम झाला, ओढला गेला, केबिन तिरपं झालं. सकाळी पाहतो तं चारपैकी एकबी दार लागेना. भाऊजीचं दार तं उचलूनही लागेना. मी दुपट्ट्यानं तोंड झाकून आंगणात बसून राहिली. हे बाहेर आले, एक एक दार लावून पाह्यलं, न म्हणाले, ‘यातलं एक तरी लागलं असतं तं मी शंका घेतली असती. चारही लागत नाई म्हणजे हिशेब बरोबर हाये.’ मले आधी राग आला न मंग हसू.

सगळे टाके ग्राइंडरनं कापले. पुन्हा सुरुवात केली. या वेळी एक टाका इथं, दुसरा पार तिकडं, मधात ओला फडका, चहा, पुन्हा एक टाका. पायल म्हणे, मम्मी तुम वेल्डिंग कर रही हो या गोधडी सी रही हो. म्हटलं, गोधडीच हाये. या वेळी दारं अशी लागली का आतली हवा ‘भप्प’ करून दाबते. तुमच्या आवडत्या दाराले मात्र अजूनही उचलावं लागते. ते मी मुद्दाम नीट केलं नाई.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. मागची सीट बसवली त्या दिवशी यायले म्हटलं, पार्टीले बोलवा, माणसं मावतात काय ते पाहा. ढोलकवाले भैय्याजी आले, कोरसवाले आले, सगळे एका हातात काठी न दुसऱ्या हातात चष्म्याचं घर. हे पुढं डावीकडं. चारही दारं लावून घेतली. मले वाटलं, दोन मिनटं बसतील न उतरतील. मी चहा ठेवायले आत गेली. बाहेर आली तं गाडी हलून राहिली होती. आत भैय्याजी गुडघ्यावर ढोलक वाजवत होते, न हे गात होते. काचा बंद, म्हून बाहेर आवाज असा येत होता जसा दुसऱ्या मोहल्ल्यातून येते. मी काचेले कान लावला. बाई, आवाज थोडा जड झालाय, वरचा सूर जपून घेतात. पण तोच हाये.

गल्लीतली माणसं जमली. कोनी म्हणालं काच खाली करा. यायनं नकार देला, म्हणाले, वाऱ्यात गायले डॉक्टरनं मना केली हाये. मंग लोकच गाडीले चिकटून उभे राहिले. आता रोज संध्याकाळी हेच सुरू हाये. गाडीले अजून रंग नाई, नंबर प्लेट नाई, जाग्यावरून हलली नाई, न कार्यक्रम मात्र रोज होतात.

संघमित्रा


तुमसर
७ जुलै २०२४

संघमित्रा,

तुहं पत्र मी गावात चार घरी दाखवलं. बंद गाडीत बसून गाणारे म्हातारे हे आमच्याकडं कोनाले खरं वाटत नाई. राहुल म्हणते, व्हिडिओ पाठवा. मले व्हिडिओचा उपयोग नाई, पण त्याच्यासाठी पाठवा.

आनंदले ज्येष्ठमध पाठवत हाये. आता घसा खराच बसला तरी हरकत नाई, गाऊन बसलेला घसा लवकर उठते.

तू रिटायर होशीन त्या दिवशी मी येईन. तुले भेट काय आणू ते विचारणार नाई. रंग कोनता देणार हे मात्र लिही. पांढरा ठेवला तं मले आवडीन, पण ठेवाच असं म्हणत नाई. आता ती तुही गाडी हाये.

गिरजाबाई


रिसाली, भिलाई
११ ऑगस्ट २०२४

गिरजाबाई,

गाडी पास झाली. दुर्गले तपासणीले नेली. साहेबानं खाली वाकून टाके पाह्यले, दारं लावून पाह्यली, मागच्या सीटवर बसून पाह्यलं. विचारलं, कोनत्या वर्कशॉपमधी बनवली? पायलनं सांगतलं, आंगणात, मम्मीनं. त्यायनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा एकदा खाली वाकून पाह्यलं न सही केली. येताना पायल चालवत होती, हे बाजूले, मी मागं. तुमच्या खिडकीपाशी बसली नाई, मधात बसली.

रंग खालून आभाळी न वरून पांढरा. पांढरा भाऊजीचा, आभाळी पार्टीचा. पायलले काळा पाहिजे होता. तिचं कोनी ऐकलं नाई.

तुमी येऊन राहिल्या याचा आनंद हाये. पण तुमाले खरं सांगू? गाडी झाली तवापासून मले कसंसंच वाटते. काम संपलं न नोकरीही संपून राहिली. सकाळी सायकल काढून गेटवर जाणं, हेल्मेट, हातमोजे, दुपारचा डबा, एवढीच माही दुनिया होती. हे गात गावोगाव फिरले, मी कुठं गेली नाई. त्यायच्या गाण्यात सगळे यायचे, बाबासाहेब यायचे, रमाई यायची, गिरणी कामगार, शेतमजूर, सगळे. मले कधी वाटलं नाई का आपलंही काही यावं. पण आता रिकामे हात पाहिले का मनात येते, आपण नेमकं केलं काय? हे कोनाले बोलली नाई. तुमाले लिहिलं का बरं वाटते, तुमी लगेच उलटून बोलत नाई.

३१ तारखेले दुपारी गेटवर या.

संघमित्रा


तुमसर
८ सप्टेंबर २०२४

संघमित्रा,

परत आल्यापासून एक गोष्ट डोक्यात फिरून राहिली, ती विचारायलेच हे पत्र.

त्या दिवशी पायलनं गाडी गेटसमोर लावली तवा मी माह्या खिडकीत होती. पार्टी मागं डाल्यात उभी होती, ऊन चांगलं होतं म्हून डॉक्टरची भीती नव्हती. तू बाहेर आली. गळ्यात झेंडूचे एवढे हार का तुही हनुवटी दिसत नव्हती, काखेत ते पिवळं हेल्मेट. तुह्यासंगच्या बाया, पोरं, सुपरवायझर, सगळे मागं. गाडी पाहून तू थांबली. तुले ठाऊक नव्हतं का तुले न्यायले तीच येणार हाये. तुले वाटलं मी ऑटोनं येईन.

मंग आनंद डाल्यावर चढला. हातात माइक नव्हता. त्यानं तुह्याकडं पाह्यलं न तोंड उघडलं. भैय्याजीचा हात ढोलकवर पडला तो मले सीटमधून कळला. एवढं कळलं का हे नेहमीचं गाणं नाई, कारण कोरसवाले गात नव्हते, तेही त्याच्या तोंडाकडंच पाहत होते. गेटवरचा शिपाई टोपी काढून उभा राहिला. तुह्यासंगच्या बायायनं डोळ्याले पदर लावले. न तू हार असे वर ओढले का तुहा चेहराच गेला. मंग तू काहीतरी बोलली न एकदम सगळे हसले. पायल तं स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसत होती. आनंदही.

तू रडत होती का हसत, हे मले खिडकीतून उमगलं नाई. घरी आल्यावर पाहुण्यायची गर्दी. पायलले विचारलं तं तिनं फोनवर लिहून दाखवलं, ‘बाद में बताती हूँ आत्या.’ ते बाद काही आलं नाई. मी दुसऱ्या दिवशी निघाली.

तं आता लिही. त्यानं काय गायलं? तू काय बोलली? माह्यापुढं घडलं न मलेच ठाऊक नाई, हे बरं नाई.

गिरजाबाई


रिसाली, भिलाई
२२ सप्टेंबर २०२४

गिरजा,

तुह्या भावाचं हे पहिलं पत्र हाये. अक्षर लावून घे.

तू संघमित्राले विचारलं, पण ती लिहीत नाई. म्हणते, ज्यानं गायलं त्यानं लिवावं. कागद न पेन पुढं ठेवून भाजी चिरायले गेली. मले गाणं येते, लिहिणं येत नाई, पण तू विचारलं म्हून बसलो.

माहं काय झालं ते आधी सांगतो. तिनं तुले ऑगस्टमधी जे पत्र लिहिलं ते टपालात टाकायले मलेच देलं होतं. पाकीट उघडं होतं, मी डिंक लावता लावता वाचलं. वाचायले नको होतं. सगळ्या जगावर गाणी केली न ही एवढी जवळ राहून गेली. मंग उरलेला ऑगस्टभर गाडीत एकटा बसायचो, दारं लावून. पार्टीले वाटे रियाज करून राहिला. मी ओळी जुळवत होतो. एवढं अवघड गाणं मी कधी केलं नाई. गेटवर जे गायलो ते एवढंच हाये:

गाव गाव मी गात फिरलो, घर सांभाळलं कोनं?
हाती ठिणग्या झेलत उभ्या लोखंडातल्या सोन्यानं.
कापली तिनं, जोडली तिनं, दारं केली चार,
एक उघडून मले म्हणे, बस ना, उशीर झाला फार.

आता ती काय बोलली ते. मी गाऊन थांबलो. मले वाटलं आता ती काहीतरी असं बोलंन का मी जल्मभर ध्यानात ठेवीन. तिनं हारातून तोंड बाहेर काढलं न पायलले म्हणाली, ‘इंजिन बंद कर, डिझेल जळून राहिलं.’

लोक त्याले हसले. माह्या गाण्याले नाई.

न तू विचारलं, रडत होती का हसत. दोन्ही. मी वर उभा होतो, मले साफ दिसत होतं.

विजयादशमीले नागपूरले चाललो, सगळी पार्टी. तुमसरवरून वळसा घेऊन तुले घेतो. सकाळी लवकर तयार राहा, तुह्या खिडकीत कोनाले बसू देल्लं नाई. स्वयंपाकाचे गंज-पातेले मागं डाल्यात राहतील, संघमित्रा दीक्षाभूमीवर भाजी-पुरी वाटणार हाये. म्हणते, प्लांट सुटला पण हात तं सुटले नाई ना.

त्या दिवशी घरी आल्यावर, पाहुणे गेल्यावर, तिनं हेल्मेट खिळ्याले टांगलं न मले विचारलं, ‘एकच कडवं हाये का?’

तवापासून रोज संध्याकाळी मी पुन्हा गाडीत जाऊन बसतो न दुसरं कडवं शोधतो. थोड्या वेळानं ती येते, बाहेरून काच वाजवते, न विचारते, झालं का.

आनंदराव